नळी न पोचलेले दोन बेड: मावळातल्या गुलाबावरच्या लाल कोळ्याचं एक प्रकरण

2023 च्या ऑक्टोबरात तळेगाव दाभाड्याच्या बाजूच्या एका गुलाब उत्पादकाचा मला फोन आला. तीस गुंठ्यांचं पॉलिहाऊस, दहा-दहा गुंठ्यांची तीन युनिट, वीस-एकवीस हजार झाडं, सगळी चौथ्या वर्षातली, वाण टॉप सीक्रेट. तक्रार एकच होती, लाल कोळ्याची, म्हणजे पानाचा रस शोषणाऱ्या बारीक किडीची: "सर, काहीही मारलं तरी कोळी हटत नाही. डिसेंबरात पिंचिंग (शेंडे खुडणं) करायचंय. व्हॅलेंटाइन गेलं तर वर्ष गेलं."

हे शेवटचं वाक्य मावळातल्या गुलाबवाल्याच्या तोंडी ऐकलं की त्याचं वजन समजून घ्यावं लागतं. लोकल मार्केटला फूल वर्षभर जातं, पण पैसा होतो तो जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या दहा तारखेपर्यंत. त्या दिवसांत लांब दांड्याचं, मोठ्या कळीचं फूल मुंबई विमानतळावरून परदेशी जातं. आणि त्या मालावर एखादा जिवंत कोळी सापडला तरी लॉट अडकतो. पान पिवळं पडलेलं एखादा व्यापारी भाव पाडून घेईलही, जिवंत कीड मात्र कोणी घेत नाही.

पॉलिहाऊसमध्ये शिरल्यावर मी आधी झाडं पाहिली नाहीत, फवारणीचं रजिस्टर मागितलं. दादांनी, म्हणजे मालकांनी, ते नीट ठेवलं होतं, याचं मला आजही कौतुक वाटतं, कारण पुढचं सगळं निदान त्या वहीतूनच झालं. सहा आठवड्यांत अकरा फवारण्या. त्यात कोळ्यासाठी सात, उरलेल्या थ्रिप्स (फुलकिडे), अळी आणि भुरी या बुरशीसाठी. कोळ्याच्या सातांपैकी चार वेळा वेगवेगळ्या नावांच्या बाटल्या होत्या, दादांच्या लेखी तीन वेगळी औषधं. मी बाटल्या गोदामातून मागवल्या आणि लेबलं शेजारी-शेजारी ठेवली. तिन्हींवर बारीक अक्षरात एकच घटक होता: अबामेक्टिन. दुकानदाराने "हे चाललं नाही ना, मग हे घ्या" म्हणत एकच औषध तीन नावांनी दिलं होतं. दादांना वाटत होतं आपण आलटून-पालटून मारतोय. दादा काही वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे मी त्याला सवय लावत होतो."

सवय हा शब्द बरोबर होता, फक्त सवय एका कोळ्याला लागत नाही, ती वंशाला लागते. दोन ठिपक्यांचा हा कोळी (नाव लाल असलं तरी उन्हाळी मादी पिवळट-हिरवी असते, पाठीवर दोन्ही बाजूंना एकेक काळा डाग) पंचवीस-तीस अंश तापमानात अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला आठ-दहा दिवस घेतो. मादी आयुष्यात शंभरच्या आसपास अंडी घालते. आणि सगळ्यात घातक गोष्ट अशी की मीलन न झालेल्या मादीच्या अंड्यांतूनही पिल्लं होतात, ती सगळी नर. नराकडे गुणसूत्रांचा एकच संच असतो. त्यामुळे औषध सोसण्याचा एखादा गुण एका माशीत किंवा अळीत दडून राहू शकतो, तो इथे दडत नाही. ज्या नरात असेल तो औषधातून वाचतो आणि ज्याच्यात नसेल तो मरतो. निवड एका पिढीत होते. ऑक्टोबरच्या उकाड्यात सहा आठवडे म्हणजे चार-पाच पिढ्या. कोळ्यावरच्या सात फवारण्यांची चाळण लावली तर जे उरलं ते किती निवडक असेल, याची कल्पना करा.

त्यात पायरेथ्रॉइड. थ्रिप्ससाठी मारलेलं हे औषध कोळ्याला फारसं मारत नाही, पण कोळी खाणाऱ्या जिवांना सपाट करतं. कोळ्याला मोकळं रान मिळतं. वहीत एक पायरेथ्रॉइडची तारीख होती, आणि तिच्यानंतर दहा-बारा दिवसांनी दादांच्याच हाताने लिहिलेली नोंद: "युनिट 2 मध्ये जाळी." तारखा जोडल्या की गोष्ट कळते.

मग आम्ही झाडांकडे गेलो. गुलाबाच्या पॉलिहाऊसची एक गोष्ट बाहेरच्या वाचकाला सांगायला हवी. काढणीच्या दांड्या वर सरळ उभ्या वाढतात, पण त्यांना अन्न पुरवणारी पानं खाली असतात. कमजोर, बारीक फांद्या मोडून न टाकता वाकवून पाटाकडे, म्हणजे दोन बेडांमधल्या वाटेकडे, आडव्या सोडतात, त्याला बेंडिंग म्हणतात. ही पानांची गादी म्हणजे झाडाची फुप्फुसं. ती गुडघ्याच्या खाली असते. तिथे वारा कमी, धूळ जास्त, पाटातली उष्णता वर येते, आणि माणूस फूल कापताना तिकडे पाहत नाही. कोळ्याला यापेक्षा चांगलं घर मिळणार नाही.

दादांच्या माणसाला मी त्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे फवारायला सांगितलं, फक्त साधं पाणी. आणि बेंडिंगच्या पानांखाली वर्तमानपत्राचे तुकडे पिनांनी अडकवले, म्हणजे पानाच्या मागच्या बाजूवर पाणी पोचतं का ते कळावं. पंप जोरात चालला, पोरगा गन घेऊन पाटातून झपाझप गेला, वरची पानं टपटप ठिबकत होती. तुकडे काढले तर बहुतेक कोरडे. कोळी पानाच्या मागे राहतो आणि अंडीही तिथेच घालतो. म्हणजे ज्याला मारायचं त्याला औषध भेटतच नव्हतं. भेटत होतं ते दांड्यांवर सावकाश चढणाऱ्या काहींना, तेही अर्धवट, आणि अर्धवट मात्रा म्हणजे सोसणाऱ्यांची शाळा.

सगळ्या प्रकरणाला वळण मिळालं ते तिसऱ्या युनिटच्या पश्चिमेच्या टोकाला. कटिंगला येणाऱ्या मावशी, दहा-बारा वर्षं हेच काम करणाऱ्या, म्हणाल्या, "सर, तिकडचे शेवटचे दोन बेड बघा की. पावसाळ्यात लई खराब होते, आता नवी पानं हिरवीगार हाईत." दादा म्हणाले ते बेड तसेच राहतात, फवारणीची नळी तिथपर्यंत पुरत नाही, शेवटच्या आठ-दहा फुटांवर पोरगा लांबून गन उडवतो आणि परततो. कोणी नळी लांब केली नाही, कारण त्या दोन बेडांसाठी कोण खर्च करणार.

तिथलं एक पान उलटवून भिंगाखाली धरलं. जुनी जाळी होती, पण ती विस्कटलेली. कोळ्यांच्या कातड्या पडलेल्या. आणि त्यांच्यामधून एक चकचकीत, नासपतीसारख्या घडणीचा बारीक प्राणी भरभर पळत गेला. कोळी संथ चालतो, हा पळतो. भिंगातून पाहिलेली ही चाल एकदा ओळखली की पुन्हा विसरत नाही. जवळच अंडी: कोळ्याची गोल, मोत्यासारखी, या पळणाऱ्याची लांबट आणि मोठी. हे शिकारी कोळी. नमुना मी जाणकाराकडून स्लाइड करून तपासून घेतला. तो निओसिउलस लाँगिस्पायनोसस निघाला, भारतात आपोआप सापडणारा, बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने पॉलिहाऊसच्या गुलाबावर कोळ्याविरुद्ध तपासलेला. बाहेरच्या रानातून, झुडपांतून, पडद्याच्या फटीतून तो आत आला होता, आणि ज्या दोन बेडांवर औषध पोचत नव्हतं तिथे टिकला होता.

युरोपात गुलाबवाले फायटोसिउलस पर्सिमिलिस नावाचा शिकारी कोळी बाटलीतून विकत घेऊन सोडतात. हा 1958 मध्ये चिलीहून जर्मनीला आलेल्या ऑर्किडवर सापडला आणि तिथून जगभर गेला. थंड, दमट ग्रीनहाऊसमध्ये तो उत्तम चालतो. आपल्याकडच्या मार्च-एप्रिलात, तीस अंशांच्या वर कोरड्या हवेत त्याची धाप लागते. आमच्या हातात उकाडा सोसणारा, घरचा आणि फुकटचा जीव होता. मला वाटतं, मावळातल्या बऱ्याच पॉलिहाऊसमध्ये तो असाच कुठेतरी कोपऱ्यात असेल, फक्त कोणी पान उलटवत नाही.

ठरवलं ते

आम्ही आधी औषधांच्या यादीतून वगळायच्या गोष्टी ठरवल्या. पायरेथ्रॉइड बंद. अबामेक्टिन पुढचे काही महिने बंद. भुरीसाठी पाण्यात मिसळणारं गंधक बंद, कारण ते शिकारी कोळ्यांना मारतं. त्याजागी पोटॅशियम बायकार्बोनेट, तेही फक्त जिथे भुरी दिसेल तिथे. मॅन्कोझेबही शक्यतो टाळायचं, कारण त्याने शिकाऱ्यांची अंडी घालण्याची क्षमता घटते. एक औषध ठेवलं, हेक्झिथायाझॉक्स. ते मोठ्या कोळ्याला मारत नाही, अंडी आणि पिल्लं मारतं, आणि शिकाऱ्यांवर तुलनेने सौम्य आहे. दादांना हे पटायला वेळ लागला. "मोठा मरत नाही म्हणताय, मग पैसे कशाचे?" मी म्हणालो, मोठ्याचं आयुष्यच दोन-तीन आठवड्यांचं. त्याची पिल्लं येऊ दिली नाहीत की तो आपण होऊन संपतो.

पहिला आठवडा साफसफाईचा. सगळ्यात जुनी, जाळीने भरलेली बेंडिंगची पानं कापून काढली. यात आमची एक चूक झाली. पहिल्या दिवशी पोरांनी ती पाटातून ओढत बाहेर नेली, आणि वाटेत पडलेल्या पानांवरचे कोळी दुसऱ्या दिवशी शेजारच्या बेडवर. नंतर कापल्या जागीच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं ठरलं, आणि पिशव्या उन्हात ठेवल्या. पाटातलं तणही काढलं, पण पश्चिमेच्या दोन बेडांजवळचं सोडून.

मग पाण्याने धुणं. गनला लांब वाकडी नळी जोडली, जी पाटात खाली घालून पानांच्या मागच्या बाजूला मारा करते. सकाळी नऊच्या आत संपवायचं म्हणजे दुपारपर्यंत पानं कोरडी होतात, नाहीतर डाऊनी या पानांच्या रोगाला आमंत्रण. एक दिवसाआड तीनदा धुतलं. जाळं आणि धूळ निघाल्यावर शिकाऱ्याला चालायला रस्ता मिळतो. पुढे हेक्झिथायाझॉक्सची एकच फवारणी केली, तीही पहिल्या दोन युनिटवर, त्याच वाकड्या नळीने, कागदाचे तुकडे लावून तपासून. या वेळी कागद ओले निघाले.

त्यानंतर शिकारी कोळ्यांची पेरणी. तिसऱ्या युनिटच्या त्या दोन बेडांवरून शिकारी आणि त्यांची अंडी असलेली पानं मावशी आणि आणखी दोघींनी भिंगाखाली तपासून तोडली. त्यांच्यासाठी तीन दहा पट मोठं दाखवणारी भिंगं आणली होती, गळ्यात दोरीने अडकवायची. पानं कागदी पाकिटात घालून पहिल्या दोन युनिटमध्ये जिथे कोळी दिसत होते तिथे बेंडिंगच्या पानांवर ठेवली. अंदाज हा की दहा-वीस कोळ्यांमागे एक शिकारी असावा. त्याहून कमी असले तर कोळी पुढे पळतो, जास्त असले तर शिकारी उपाशी मरतो.

पहिल्या युनिटमध्ये काम झालं. दुसऱ्यात दहा दिवसांनी एकही शिकारी सापडला नाही. मी चक्रावलो. पाण्याचा दोष, उकाडा, सगळं तपासलं. शेवटी गोदामातलं गंधकाचं पोतं अर्धं झालेलं दिसलं. विचारल्यावर पोरगा म्हणाला, भुरी दिसली म्हणून पेरणीच्या पाच दिवस आधी मारलं होतं, रजिस्टरात लिहायचं राहून गेलं. त्याने मुद्दाम केलं नव्हतं, ते त्याचं नेहमीचं काम होतं, आणि त्याला गंधक आणि कोळ्याचा संबंध कोणी सांगितला नव्हता. मी मालकांना सांगितलं होतं आणि पोराला सांगायचं सोडलं होतं, ही माझी चूक. त्या दिवशी सगळ्या कामगारांना पॉलिहाऊसच्या दाराशी उभं करून भिंगातून शिकारी दाखवला. तो पोरगा बराच वेळ भिंगाला डोळा लावून होता, मग म्हणाला, "हा एवढासा? आणि हा खातो?" नंतर त्याने एक शिकारी कोळ्याच्या अंड्यात तोंड घालून ते चोखताना स्वतः पाहिला. त्यानंतर रजिस्टर तोच लिहितो.

दुसऱ्या युनिटसाठी पानं पुरेनात, म्हणून पॉलिहाऊसपासून दोनशे फुटांवर शेडनेटखाली ट्रेमध्ये घेवडा लावला. घेवड्यावर कोळी सोडायचे, कोळी वाढले की त्यावर शिकारी, आणि शिकारी वाढले की ती पानं तोडून गुलाबावर. कृषी विद्यापीठांत हीच पद्धत वापरतात. त्या शेडमध्ये काम करून थेट पॉलिहाऊसमध्ये यायचं नाही, कपडे बदलायचे, हा नियम. पुरेसे शिकारी तयार व्हायला सुमारे पाच आठवडे लागले.

रिबिनी

दर सोमवारी तीस ठरावीक झाडं. प्रत्येकाचं एक बेंडिंगचं पान आणि एक मधलं. मावशी पाहतात, पोरगा लिहितो. नुसते कोळी असतील तर लाल रिबीन, कोळी आणि शिकारी दोन्ही असतील तर हिरवी, काहीच नसेल तर रिबीन काढून टाकायची. आकड्यांच्या तक्त्यापेक्षा हे मला जास्त उपयोगी वाटलं, कारण दारातून आत पाहिलं की कुठे काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. नियम साधा: लाल रिबिनीच्या झाडाभोवती पाण्याने धुवायचं आणि शिकारी असलेली पानं ठेवायची. सलग दोन सोमवार लाल राहिली आणि कोळी मधल्या पानावर चढला, तरच फवारणी, आणि तीही त्या बेडपुरती.

डिसेंबरच्या मध्यावर पिंचिंग झालं, तोवर पहिल्या युनिटमध्ये बहुतेक रिबिनी हिरव्या होत्या. पिंचिंगनंतर येणारी कोवळी पानं कोळ्याला फार आवडतात. शिकारी त्याआधीच बेंडिंगमध्ये बसलेले असणं गरजेचं, नंतर सोडून फार उपयोग नाही, वर चढलेला कोळी आधीच दांडीवर पोचलेला असतो.

थ्रिप्सबद्दल थोडक्यात. निळे चिकट सापळे पडद्याच्या बाजूने लावले, कळीवर जाळीची टोपी घातली, बाजूच्या पडद्याला चाळीस मेशची जाळी बसवली, बेडमध्ये निंबोळी पेंड मिसळली. या हंगामात थ्रिप्सने त्रास दिला नाही.

खरा कस लागला जानेवारीत. पहाटे धुकं, पडदे बंद, प्लास्टिकवरून पाणी गळतंय, आणि दुसऱ्या युनिटमध्ये पानांवर जांभळट डाग. डाऊनी. ओली पानं आणि थंडी असेल तर ती दोन-चार दिवसांत पानगळ करते, आणि पिंचिंगनंतरच्या फुटीवर आली तर हंगाम संपला. दादा सकाळी सहाला फोनवर होते. "सर, आता शिकारी-बिकारी राहू द्या. सगळं मारतो. बँकेचा हप्ता कोळ्याला कळतो का?" मी त्यांना काही शिकवायला गेलो नाही. हंगामाचे पैसे त्यांचे होते. एवढंच म्हटलं की डाऊनीसाठी शिकाऱ्यावर सौम्य असलेली औषधं आहेत, तीच वापरू, आणि पडद्यांचं वेळापत्रक बदलू. डायमेथोमॉर्फ आणि फोसेटिल-अॅल्युमिनियम आलटून-पालटून तीनदा मारलं, लेबल वाचून, घटकाचं नाव पाहून. पडदे सूर्योदयानंतर लगेच उघडायचे, थंडी वाजली तरी, म्हणजे पानांवरचं पाणी लवकर वाळेल. फॉगर (धुक्यासारखं पाणी उडवणारे फवारे) संध्याकाळी पूर्ण बंद. डाऊनी थांबली. शिकाऱ्यांची संख्या दुसऱ्या युनिटमध्ये थोडी घटली आणि पंधरा दिवसांत सावरली.

जानेवारी अखेरीस काढणी सुरू झाली. ग्रेडिंगच्या टेबलावर पांढरा कागद ठेवून प्रत्येक बंचमधल्या दोन दांड्या त्यावर झटकायचं ठरवलं होतं. पहिल्या आणि तिसऱ्या युनिटमधून एकही लॉट परत आला नाही. दुसऱ्या युनिटच्या दक्षिणेच्या बाजूला, पडद्याजवळ, जिथे दुपारी ऊन आणि गरम वारा थेट येतो, तिथल्या पाच बेडांवर कोळी दांडीवर चढला. तो माल आम्हीच निर्यातीतून काढला आणि पुण्याच्या मार्केटला पाठवला. दादांना त्याचं दुःख होतं, मलाही होतं. त्या बेडांवर रिबीन दोन सोमवार लाल होती आणि पहिल्या सोमवारनंतरच धुवायला हवं होतं, पण त्या आठवड्यात डाऊनीच्या धावपळीत ते राहिलं.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत कोळ्यासाठी दोन फवारण्या झाल्या, त्यातली एक फक्त पाच बेडांवर. मावशी आणि इतर बायका भल्या पहाटे कटिंगला येतात, ओल्या पानांत हात कोपरापर्यंत घालतात. ऑक्टोबरात त्यांच्यातल्या दोघींच्या हातांना पुरळ यायचं आणि मळमळायचं. फेब्रुवारीत त्या तक्रारी नव्हत्या. यावर मी कुठलं औषध जबाबदार हे सांगू शकत नाही, पण पहाटे त्या फांद्यांमध्ये हात घालणारं कोण आहे हे लक्षात ठेवून फवारणीची वेळ आणि पुन्हा आत जायची वेळ ठरवायलाच हवी. पूर्वी संध्याकाळी सातला फवारून पहाटे सहाला कटिंग व्हायचं. आता रिकामा दिवस ठेवतात.

मार्च-एप्रिल कठीण गेला. उकाडा वाढला की कोळ्याचा वेग शिकाऱ्याच्या पुढे जातो. दुपारी थोडा-थोडा वेळ फॉगर चालवून आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर ठेवायचा प्रयत्न केला, कारण कोरड्या हवेत शिकाऱ्याची अंडी सुकतात. घेवड्याचे ट्रे पुन्हा लावले. एप्रिलमध्ये शेजारच्या पॉलिहाऊसवाल्याने जुनी झाडं उपटून तशीच उघड्यावर टाकली, कोळ्यांनी भरलेली, आणि पश्चिमेचा वारा. तिसरं युनिट काही दिवसांत लाल रिबिनींनी भरलं. शेजाऱ्याशी दादांनी जाऊन बोलणं केलं, भांडण नाही, आणि उरलेली झाडं झाकून नेली गेली. पण मधल्या दहा दिवसांचं नुकसान झालंच.

तिसऱ्या युनिटची झाडं पाचव्या वर्षात जाताना दादांनी ती बदलायचं ठरवलं. जूनमध्ये जुनी झाडं निघाली, नवी रोपं लागली. पश्चिमेचे दोन बेड मात्र त्यांनी ठेवले. नव्या रोपांची पहिली बेंडिंग व्हायला दोन-अडीच महिने लागतात, तोवर शिकाऱ्यांना राहायला जागा नाही. नव्या पानांची गादी तयार झाली की मावशी भिंग घेऊन त्या दोन बेडांवरून पानं तोडतील आणि पलीकडे ठेवतील, आणि मगच ती जुनी झाडं निघतील. पंपाची नळी अजून तेवढीच आहे.